दुकानाच्या गल्ल्यावरून विधानसभेत जायचं असेल तर

२०२४ ची धनत्रयोदशी २९ ऑक्टोबरला आली. महाराष्ट्र विधानसभेसाठी उमेदवारी अर्ज भरायचा शेवटचा दिवसही तोच होता. सकाळी साडेनऊला आमच्या तालुक्यातले पाइप-मोटारींचे एक दुकानदार माझ्यासमोर येऊन बसले. अंगात पांढराशुभ्र सदरा, कपाळाला गंध, खिशात अनामतीचे दहा हजार. बाहेर दोन गाड्या भरून पोरं उभी. मी करसल्लागार आहे. त्यांचं जीएसटी आणि इन्कम टॅक्सचं काम माझ्याकडेच असतं, म्हणून प्रतिज्ञापत्रातले उत्पन्नाचे आकडे एकदा तपासून घ्यायला ते आले होते. फाइल चाळताना पावणेदोन लाखांच्या एका बिलावर माझं बोट थांबलं.

"शेठ, हा माल कुणाला दिलाय?"

"बांधकाम खात्याला. रेस्ट हाउसची दुरुस्ती चालू आहे ना, तिथं. अर्धा माल गेला, उरलेला डिसेंबरात द्यायचाय."

मी पेन खाली ठेवला. माल द्यायचा उरला होता म्हणजे राज्य सरकारबरोबरचा त्यांचा करार अजून जिवंत होता, आणि असा करार जिवंत असलेल्या माणसाला विधानसभेची निवडणूक लढवता येत नाही. दुसऱ्या दिवशी छाननी होती. तेवढ्यात करार रीतसर संपवून घ्यायचा, तोही ऐन दिवाळीत, कार्यकारी अभियंत्याच्या सहीनं. त्यांनी दुपारपर्यंत फोन केले. तीन वाजता मुदत संपली. अर्ज खिशातच राहिला.

वीस वर्षं ज्या माणसानं रात्री-अपरात्री शेतकऱ्याच्या विहिरीवर माणूस पाठवून मोटार चालू करून दिली, त्याची उमेदवारी पावणेदोन लाखांच्या पाइपांत अडकली याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून निवडणुकीची भाषा करणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला मी जे समोर बसवून सांगतो, तेच इथं लिहितो आहे.

सरकारी कामाचा करार

पात्रतेच्या अटी तशा थोड्या आहेत. वय पंचवीस पूर्ण हवं आणि राज्यातल्या कुठल्याही एका मतदारसंघाच्या यादीत नाव हवं. उभं राहायचं त्याच मतदारसंघात नाव असलं पाहिजे असं नाही. दुसरीकडे असेल तर यादीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत जोडायची. महाराष्ट्रातल्या २८८ जागांपैकी २९ अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. दिवाळखोर जाहीर झालेला माणूस चालत नाही. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली असेल तर सुटल्यानंतरही सहा वर्षं दार बंद असतं. शिक्षणाची अट नाही.

नोकरदाराला कधी विचार करावा लागत नाही, पण व्यापाऱ्याला हमखास आडवं येतं ते लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधलं कलम ९अ. त्याचा अर्थ असा: तुमच्या धंद्याच्या ओघात तुम्ही राज्य सरकारला माल पुरवण्याचा किंवा सरकारचं एखादं काम करून देण्याचा करार केला असेल, तर तो करार चालू असेपर्यंत तुम्ही आमदारकीसाठी अपात्र. नियमामागचं कारण रास्त आहे. सरकारकडून बिल काढून घेणारा आणि सरकारला जाब विचारणारा एकच माणूस असू नये.

याच कलमात व्यापाऱ्याला दिलासा देणारी एक गोष्ट आहे. तुमच्या बाजूचं सगळं काम पुरं झालं असेल आणि फक्त सरकारकडून पैसे यायचे राहिले असतील, तर तेवढ्यावरून करार चालू आहे असं धरत नाहीत. म्हणजे थकलेलं बिल आड येत नाही. न दिलेला माल येतो. शेठनी तो माल सप्टेंबरात उतरवून पावती घेतली असती, तर पैसे पुढच्या वर्षी आले असते तरी चाललं असतं. बांधकामाच्या कंत्राटात मात्र जास्त जपायला हवं. काम झालं, पण पुढची दोन-तीन वर्षं दुरुस्तीची जबाबदारी तुमच्याच अंगावर असेल, तर करार संपला असं मनानंच धरून बसू नका. तो कागद वकिलाला दाखवा.

करार कुणाशी आहे हेही नीट बघावं लागतं. विधानसभेसाठी बघतात ते राज्य सरकारबरोबरचे करार. नगरपरिषदेला किंवा जिल्हा परिषदेला पुरवलेला माल ही वेगळी गोष्ट. पण त्याच नगरपरिषदेत नगरसेवक व्हायचं असेल तर तिथल्या कामातला हितसंबंध अपात्र ठरवू शकतो. आणि आपल्याकडची बहुतेक दुकानं एकमालकीची असतात. कायद्याच्या नजरेत दुकान आणि मालक हे दोन नाहीतच. पाटीवर 'श्री गणेश ट्रेडर्स' असलं तरी करार तुमचाच.

गिऱ्हाइकं किती आणि मतं किती

पुष्कळ दुकानदारांना वाटतं, तालुका मला ओळखतो. खरंच ओळखतो. तरी एकदा आकडे मांडून बघा.

२०२४ साली महाराष्ट्रात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते. २८८ नी भागलं की एका मतदारसंघात सरासरी ३ लाख ३७ हजार येतात. त्यातल्या ६६ टक्क्यांनी मत दिलं असं धरलं तर सव्वादोन लाखांच्या आसपास मतं पडतात. अनामत वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात, म्हणजे जवळपास ३७ हजार. निवडून येणं पुढची गोष्ट. दहा हजार रुपये परत मिळावेत म्हणून सदतीस हजार लोकांनी तुमच्या नावापुढचं बटण दाबायला हवं. (अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला अनामत पाच हजार.) चांगल्या चालणाऱ्या दुकानाची बांधलेली गिऱ्हाइकं किती असतात? दोन हजार घरं धरा, प्रत्येक घरात चार मतं धरा, आणि एकूण एक मत तुम्हालाच पडलं असं धरा. आठ हजार होतात.

गोव्यात हा हिशेब वेगळा लागतो. तिथं साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार आणि ४० जागा. एक मतदारसंघ तीस हजारांच्या आतला. पणजी तर वीस-बावीस हजारांच्या घरात. मनोहर पर्रीकर १९७८ मध्ये आयआयटी मुंबईतून धातुशास्त्राचे इंजिनियर झाले आणि म्हापशाकडे त्यांनी स्वतःचा छोटा कारखाना चालवला. १९९१ ची लोकसभा निवडणूक ते हरले. १९९४ मध्ये पणजीतून आमदार झाले आणि २००० साली मुख्यमंत्री. त्यांची हुशारी आणि संघाचं काम हे तर होतंच, पण छोटा मतदारसंघ ही गोव्यातल्या उद्योजकाच्या बाजूची गोष्ट आहे. तिथं उमेदवार प्रत्येक घराचा उंबरा खरोखर चढू शकतो. महाराष्ट्रात एका मतदारसंघात साडेतीनशेच्या आसपास मतदान केंद्रं असतात. प्रत्येक केंद्रावर तुमचा एक माणूस बसवायचा तरी साडेतीनशे भरवशाची माणसं लागतात.

ही माणसं जाहिरात देऊन मिळत नाहीत. ती जमवायला मधल्या पायऱ्या आहेत.

मधल्या पायऱ्या

व्यापाऱ्यासाठी सगळ्यात जवळची पायरी बाजार समिती. कृषी उत्पन्न बाजार समितीच्या १८ संचालकांमध्ये दोन जागा व्यापारी-आडत्यांच्या असतात. अकरा सहकारी संस्थांच्या, चार ग्रामपंचायतींच्या, एक हमाल-मापाड्यांची. परवानाधारक व्यापारी आपल्याच मतदारांतून तिथं निवडून येतो. एकदा आत बसला की सोसायट्यांचे अध्यक्ष, सरपंच आणि हमालांचा पुढारी यांच्याशी एका टेबलावर बोलणं सुरू होतं. तालुक्याचं राजकारण चालवणारी माणसं हीच. शहरात हेच काम पतसंस्था, व्यापारी महासंघ आणि गणेश मंडळं करतात.

त्यानंतर पंचायत समिती, जिल्हा परिषद किंवा नगरपरिषद. गुलाबराव पाटलांची वाट बघा. जळगाव जिल्ह्यातल्या पाळधीचे हे गृहस्थ पानटपरी चालवायचे. आज टपरीचा उल्लेख त्यांचे विरोधक टोमणा म्हणून करतात, ते स्वतः मात्र अभिमानानं करतात. १९९२ मध्ये ते पंचायत समितीत गेले, १९९७ मध्ये जिल्हा परिषदेत आणि १९९९ मध्ये एरंडोलमधून विधानसभेत. २००९ मध्ये पडले, २०१४ मध्ये जळगाव ग्रामीणमधून परत आले, पुढं मंत्री झाले. छगन भुजबळ भायखळ्याच्या बाजारात भाजी विकायचे. १९७३ मध्ये नगरसेवक झाले आणि आमदार झाले ते १९८५ मध्ये. मधली बारा वर्षं महापालिकेत गेली.

टपरी आणि भाजीचा गाळा या धंद्यांत एक गोष्ट सारखी आहे. तिथं माणूस रोज थांबतो, बोलतो, तक्रार सांगतो, उधारी मागतो. कुणाच्या मुलाला नोकरी नाही, कुणाच्या शेताला पाणी मिळालं नाही, हे दुकानदाराला तलाठ्याच्या आधी कळतं. मला वाटतं, छोट्या व्यावसायिकाची खरी पुंजी हीच आहे, आणि पैसेवाल्या बिल्डरला ती विकत घेता येत नाही. पण तिला मोठ्या मतदारसंघापर्यंत पोचवायला ती पाच-दहा वर्षं लागतातच. म्हणून २०२२ नंतर महाराष्ट्रातल्या बहुतेक नगरपरिषदा, महापालिका आणि जिल्हा परिषदांवर वर्षानुवर्षं प्रशासक बसले, तेव्हा सगळ्यात जास्त नुकसान अशाच माणसांचं झालं. आमदाराच्या मुलाला ती पायरी लागत नाही, टपरीवाल्याला लागते.

या पायरीवर जाताना एक लक्षात ठेवा. ग्रामपंचायतीची किंवा नगरपरिषदेची घरपट्टी-पाणीपट्टी थकवून मागणीनंतरही भरली नाही तर सदस्यत्वाला धोका असतो. दुकानाच्या गाळ्याची पट्टी भावाच्या नावावर आहे म्हणून राहून गेली, अशी प्रकरणं मी पाहिली आहेत. पावत्या एका पिशवीत ठेवा.

तिकीट की अपक्ष

मान्यताप्राप्त पक्षाचं तिकीट असेल तर अर्जावर मतदारसंघातला एक सूचक, म्हणजे तुमचं नाव सुचवून सही करणारा मतदार, पुरतो. हा आमचा अधिकृत उमेदवार असं सांगणारे पक्षाचे ए आणि बी फॉर्म शेवटच्या दिवशी तीनच्या आत जमा झाले की चिन्ह तयार. अपक्षाला दहा सूचक लागतात, दहाही त्याच मतदारसंघातले मतदार, आणि चिन्ह मिळतं माघारीची मुदत संपल्यावर. २०२४ मध्ये माघारीचा शेवटचा दिवस ४ नोव्हेंबर होता, भाऊबिजेचा दुसरा दिवस. प्रचार १८ तारखेला संध्याकाळी थांबला. शिटी, रोड रोलर किंवा शिलाई मशीन यांतलं जे मिळेल ते सव्वातीन लाख मतदारांच्या डोक्यात बसवायला जेमतेम दोन आठवडे मिळाले.

त्या निवडणुकीत चार हजारांवर उमेदवारांपैकी निम्मे अपक्ष होते. निवडून आले दोन. २०१९ मध्ये १३ आले होते आणि १९९५ मध्ये ४५. म्हणजे अपक्षाची लाट येऊ शकते, पण बहुतेक वेळा तिकीट नाकारलेले मोठे पुढारीच त्या लाटेवर येतात. नवख्या व्यापाऱ्यानं पहिली निवडणूक अपक्ष म्हणून विधानसभेची लढवू नये, असं मला स्पष्ट वाटतं. तेवढ्या पैशात आणि तेवढ्या ताकदीत जिल्हा परिषदेचा गट जिंकता येतो.

नमुना २६

अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्राला नमुना २६ म्हणतात. माझं काम इथं सुरू होतं. तुमची, पत्नीची, एकत्र कुटुंबाची आणि अवलंबून असलेल्यांची मालमत्ता आणि कर्जं, मागच्या पाच वर्षांत रिटर्नमध्ये दाखवलेलं उत्पन्न, उत्पन्नाचं साधन, सरकारशी असलेले करार, प्राप्तिकर, जीएसटी, मालमत्ता कर यांची थकबाकी, गुन्हे दाखल असतील तर त्यांचा तपशील. जीएसटी थकला म्हणून विधानसभेचा अर्ज बाद होत नाही, पण तो लपवला तर पुढं अडचण येते. कुठलाही रकाना कोरा सोडायचा नाही. लागू नसेल तर 'निरंक' किंवा 'लागू नाही' असं लिहायचं. कोरे रकाने ठेवता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच सांगितलं आहे.

दुकानदाराचा गोंधळ होतो तो दुकानाचं काय आणि घरचं काय यात. गोदामातला माल मालमत्ताच आहे. टेम्पो मुलाच्या नावावर, दुकानाचं कर्ज पत्नीच्या दागिन्यांवर, जागा चुलत्यांच्या सामाईक सातबाऱ्यावर. हे सगळं एका रात्रीत मांडता येत नाही. अरुणाचल प्रदेशात तेझू मतदारसंघातून २०१९ मध्ये निवडून आलेल्या अपक्ष आमदाराची निवड उच्च न्यायालयानं रद्द केली होती. त्यामागचं एक कारण होतं प्रतिज्ञापत्रात न दाखवलेली एक स्कूटी, एक मारुती ओम्नी आणि एक मोटारसायकल. गाड्या आधीच दुसऱ्याला दिल्या होत्या, फक्त आरटीओत नावं बदलायची राहिली होती. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये त्यांची निवड कायम केली, पण तोवर जवळपास पूर्ण मुदत कोर्टात गेली. विकलेल्या टेम्पोचं नाव आजच बदलून घ्या.

आणि खोटं लिहू नका. खोट्या प्रतिज्ञापत्राला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. शिवाय निकालानंतर ४५ दिवसांत कुणीही मतदार किंवा पडलेला उमेदवार उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करू शकतो.

एका मतदारामागं बारा रुपये

महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला जास्तीत जास्त ४० लाख रुपये खर्च करता येतात, गोव्यात २८ लाख. सव्वातीन-साडेतीन लाख मतदार धरले तर एका मतदारामागं बारा रुपयांच्या आसपासच येतात. लोक यापेक्षा कितीतरी जास्त खर्च होतो म्हणतात, आणि तसं होतं हे सगळ्यांना दिसतं. पण कागदावर हिशेब याच मर्यादेत द्यावा लागतो आणि तो तपासला जातो.

अर्ज भरायच्या निदान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडायचं. दुकानाचं चालू खातं चालत नाही. अख्ख्या निवडणुकीत एका माणसाला किंवा दुकानाला रोखीनं दहा हजारांपेक्षा जास्त द्यायचे नाहीत. त्यापुढं चेक किंवा ऑनलाइन. निवडणूक कार्यालयाकडून एक नोंदवही मिळते. तिच्यात पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. प्रचाराच्या काळात ती निदान तीनदा तपासणीसाठी न्यावी लागते. चहा, वडापाव, खुर्ची, मांडव, रिक्षावरचा भोंगा, सगळ्याचे दर जिल्हा निवडणूक अधिकारी आधीच ठरवून देतात. तुमचाच टेम्पो फिरला तरी ठरलेल्या दरानं त्याचं भाडं खर्चात धरतात. मंडपवाला मित्र आहे, त्यानं फुकट दिला, तरी दर लागतो. पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच.

आचारसंहितेत धंद्याची रोकडही जपावी लागते. पन्नास हजारांपेक्षा जास्त रक्कम घेऊन निघालात तर बिलं, बँकेची स्लिप जवळ ठेवा, नाहीतर भरारी पथक ती जप्त करू शकतं. दिवाळीच्या विक्रीचा पैसा आणि प्रचाराचा पैसा एकाच गाडीत सापडला, तर तुम्ही कितीही प्रामाणिक असलात तरी समजावत बसावं लागतं.

निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा. पडलेल्यालाही द्यायचा असतो, आणि पडलेलेच तो विसरतात. हिशेब दिला नाही तर निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. मग पुढची निवडणूक हातची जाते.

निवडून आलात तरी धंदा बंद करावा लागत नाही. फक्त आमदारकीच्या मुदतीत राज्य सरकारला पुरवठा करायचा नाही. अधिवेशनं वर्षातून तीन: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. बाकी दिवस सकाळी सहापासून दारात माणसं. गल्ल्यावर कोण बसणार, हे घरच्यांशी आधी बोलून घ्या. ज्यांनी ते ठरवलं नाही त्यांची दुकानं मी पहिल्या दोन वर्षांत बसलेली पाहिली आहेत.

आमच्या शेठनी त्या डिसेंबरात उरलेला माल पोचवला. जानेवारीत काम पूर्ण झाल्याचा दाखला घेऊन आले. गाळ्याच्या पट्टीच्या पाच वर्षांच्या पावत्या, विकलेल्या टेम्पोचं आरटीओचं पत्र आणि सामाईक जागेचा उतारा, सगळं एका पिशवीत. आता आधी बाजार समिती लढवतो म्हणाले. मी त्यांच्या नावाची नवी फाइल केली आणि तो दाखला सगळ्यात वर लावला.